आत्यावर गेलीय

आत्या, तू गेल्यापासून दारात आलेल्या प्रत्येक बाईनं आधी डोळ्यांना पदर लावला आणि मग माझ्याकडं बघून एकच वाक्य म्हटलं, "आगदी आत्यावर गेलीया बगा." एकीनं तर माझी हनुवटी धरून तोंड इकडं-तिकडं वळवून पाहिलं, बाजारात वांगं बघावं तसं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बगा, बगा, फुकाट हाय." मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. चेहरा कसा झाला असेल देव जाणे.

तुझी जन्मतारीख, शिक्षण असलं काही मी इथं लिहिणार नाही. जन्मतारीख तुलाच माहीत नव्हती. आधार कार्डावर कुणा साहेबानं एक जानेवारी टाकली, त्यावर तू म्हणालीस, "बरं झालं, समदं जग फटाकं लावतंया माज्यासाठी." शिक्षण म्हणशील तर सहीपुरतं. मला तुझ्याविषयी लिहायचंच नाहीये, मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय आणि तू उठून गेलीस. हे तुझं नेहमीचंच.

माझ्या बारशाला कानात नाव तू सांगितलंस. आई सांगते, नाव सांगायच्या आधी तू पाळण्यात वाकून माझी मूठ उघडलीस आणि करंगळी बघितलीस. माझ्या वडिलांची, दादांची करंगळी जेमतेम वाकडी, आईची सरळसोट, आणि माझी मात्र तुझ्यासारखीच, शेजारच्या बोटाकडं मान वळवून बसलेली. तू म्हणे अंगणात जाऊन ओरडलीस, "माज्यावर गेली रं, माज्यावर!" पुढं मी दाणदाण पाय आपटत चालायला लागले, कैरी मिठाशिवाय खायला लागले, रागावले की नाकाचा शेंडा लाल व्हायला लागला, आणि प्रत्येक वेळी घरात तेच वाक्य. आत्यावर गेलीय. कधी कौतुकानं, कधी आई वैतागून. मला ते नेहमी बक्षिसासारखंच वाटायचं.

मी बालवाडीत जायला लागले त्या वर्षी तू वेल्ह्याकडचं सासर सोडून हिर्डोशीला आपल्या घरी आलीस ती कायमची. मूल होत नाही म्हणून त्यांनी दुसरी आणली, एवढंच मला पुढं कधीतरी कळलं. लहानपणी मला त्यात फक्त फायदा दिसत होता. आत्या रोज घरी! तू मला शाळेत सोडायचीस आणि घरी जायच्याऐवजी समोरच्या बांधावर बसून राहायचीस. बाई म्हणायच्या, "आक्का, जावा आता, पळून न्हाई जायची ती." तू हसायचीस, पण उठायची नाहीस.

लग्न होऊन मी नसरापूरला आले. सतीशचं हार्डवेअरचं दुकान, माझी शाळा. दहावीला विज्ञान शिकवते, त्यात आनुवंशिकतेचा धडा आहे. पोरं तो धडा आला की एकमेकांचे कान ओढून बघतात, पाळी चिकटलेली की सुटी. मी दरवर्षी माझी करंगळी दाखवते. आणि याच बाईला मूल होईना. पुण्याचे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दोघांचेही रिपोर्ट चांगले. कारण सापडत नाही, हेच निदान. आजाराला नाव असलं तर निदान त्याला शिव्या तरी देता येतात.

मग भोरला ते लग्न झालं. मांडवात आपल्या लांबच्या चुलतीनं दुसरीच्या कानात, पण सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "काय करनार बया, पोरगी आत्यावर गेलीय." तेच वाक्य. एक अक्षर इकडचं तिकडं नाही. तू माझ्या मागंच ताट घेऊन उभी होतीस. तू ते ताट तिथंच खुर्चीवर ठेवलंस आणि न जेवता स्टँडवर जाऊन बसलीस.

त्यानंतर तू माझ्या घरी येईनास. दादा म्हणायचे, गुडघा दुखतोय. संक्रांतीला मी माहेरी आले तेव्हा ओटी भरायची वेळ झाली आणि तू चुलीमागं गेलीस. "आईला भरू दे. माजा हात नगो." मी कुंकवाचा करंडा घेऊन तुझ्या मागं चुलीपाशी आले. केवढी चिडले होते मी, आठवतंय? नाकाचा शेंडा लाल झाला असणार.

मी म्हणाले, "आत्या, मूल न होणं असं आत्याकडून भाचीला येत नसतं. साधा विचार कर. ज्याला मूलच नाही, त्याचं पुढं नेणार कोण?"

तू जराही न थांबता म्हणालीस, "मंग ही करंगळी कशी आली? मला कुठं पोर झालं व्हतं?"

"ती दादांकडून आली."

"मंग ह्ये बी दादाकडनंच आलं आसंल."

"दादांना मी झाले ना! समोर बसलेय ना!"

तू माझ्याकडं बघत राहिलीस आणि मग पोट धरून हसायला लागलीस. मीही. धूर डोळ्यात गेल्याचं निमित्त करून आपण दोघींनी डोळे पुसले. ओटी शेवटी तू भरलीसच, पण माझ्या नजरेला नजर न देता. खरं तर वर्गात मी जे शिकवते तेवढं सोपं ते नसतं. कुठली गोष्ट कुणाकडून, किती वळणं घेत येते, आणि येते की येतच नाही, हे शहाण्यांनाही पुरतं सांगता येत नाही. पण तुला त्या दिवशी शहाण्यांचं काही नको होतं. तुझा दोष नाही, एवढंच हवं होतं, आणि ते मला नीट सांगता आलं की नाही कोण जाणे.

आपल्या दोघींचा आनुवंशिकतेचा खरा वर्ग भरायचा तो तुझ्या खुराड्यापाशी. तुझी तांबडी कोंबडी खुडूक झाली की दुसरं कुणी तिच्या नाकात पीस घातलं असतं, पाण्यात बुचकळलं असतं, आणि बसायचं खूळ काढून तिला पुन्हा अंडी घालायला लावलं असतं. तू म्हणायचीस, "बसू द्या. तिला हौस हाय." मग तिच्याखाली ठेवायला तू गावभर अंडी मागत फिरायचीस. यमुनाकाकीच्या काळ्या कोंबडीची, वरच्या आळीतल्या पांढरीची. पाटीत भाताचं तूस, त्यावर अंडी, त्यावर तुझी तांबडी, आणि तुझा तो सिद्धान्त: "अंडं घालनारीचं, पन गुन बसनारीचा."

मी किती समजावलं तुला! रंग, तुरा, चाल, सगळं अंड्यात आधीच ठरलेलं असतं. बसणारी फक्त ऊब देते. वाटाण्याच्या उंच आणि बुटक्या झाडांची गोष्ट सांगितली. तू म्हणालीस, "आमच्यात वाटाना करत न्हाईत, वाल करत्यात." काळीची पिल्लं निघाली ती कोळशासारखी काळी. मी जिंकल्याच्या थाटात तुझ्याकडं पाहिलं. तू एक पिल्लू उचलून त्याच्याशी बोलायला लागलीस, "पिसं तिची आसतील गं. पिसं घिऊन काय करायचं? वरडतंय कसं बग, आगदी तांबडीवानी." आत्या, सगळी पिल्लं तशीच ओरडतात. पण तुला हरवायचं म्हणजे आत्याबाईला मिशा येण्याची वाट बघण्यासारखं होतं.

गेल्या दिवाळीत मी तुला सांगितलं. सतीशनं आणि मी मुलगी दत्तक घ्यायला नाव नोंदवलंय. तू नाचणीची भाकरी थापत होतीस. हात थांबला.

"नगो."

मला वाटलं होतं तू उठून गूळ काढशील. मी विचारलं, "का?"

"कुनाचा वाण, काय ठावं?"

आता मात्र मला उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझ्या तावडीत सापडली होतीस. मी म्हणाले, "अंडं घालणारीचं, पण गुण बसणारीचा, हे कोण म्हणतं गं? तुझ्याच शास्त्राप्रमाणं पोरगी माझ्यावर जाणार."

"कोंबडी आन् मानूस येक हाय व्हय?"

"आत्ता वेगळे झाले होय?"

तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस, आणि तव्याकडं बघतच म्हणालीस, "शैले, कोंबडीच्या दारात कोन येत न्हाई, माजं अंडं माघारी दे म्हनत."

तेव्हा तू सुदामचं सांगितलंस. एवढ्या वर्षांत त्याचं नाव घरात कधीतरी कुजबुजीत ऐकलं होतं, तेवढंच. तुझ्या धाकट्या जावेचं पहिलं पोर. बाळंतपणानंतर जाऊ अंथरुणाला खिळली आणि तो दूधपिता तुझ्या मांडीवर आला. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजून तू त्याला जगवलंस. जाऊ पुढं बरी झाली, पण तो तिला काकी म्हणायचा आणि तुला आई. मग ती दुसरी बायको घरात आली.

"म्या निगाले तवा त्यो निजला व्हता," तू म्हणालीस. "उटवला न्हाई म्या. उटवला आसता तर पदर सोडला नसता त्यानं. वाण त्येंचा, त्येंनी ठिवला. माजं काय व्हतं त्यात?"

भाकरी करपली. तू ती तशीच उतरवलीस.

"म्हनून सांगते, नगो. लोकाचं लेकरू हाय, उद्या आपल्या मुळाकडं जाईल. तुला न्हाई सोसायचं. तू माज्यावर गेलीयास."

तेच वाक्य, आत्या. तिसऱ्या अर्थानं, आणि या वेळी तुझ्या तोंडून. मी फटकन म्हणाले, "मी नाही गेलेय तुझ्यावर." तू मान हलवलीस. "मंग बरंच हाय," म्हणालीस, आणि मला जेवायला वाढलंस. आपण त्यावर पुन्हा बोललो नाही. फोनवर कोंबड्या, दादांचा खोकला, सतीशचं दुकान. तुझं नगो तसंच मधे बसून राहिलं. मला तुझी परवानगी लागत नव्हती. सही करायला तू कुठं लागत होतीस? पण मला तुझं हो हवं होतं. बांधावर बसून माझी वाट बघितलेल्या बाईचं हो.

सुदाम माझ्याच वयाचा होता, हे त्या दिवशी एसटीत माझ्या लक्षात आलं. तू त्याला झोपेत सोडून आलीस आणि दुसऱ्या आठवड्यात मला शाळेत पोचवायला लागलीस. म्हणजे बांधावरून उठत का नव्हतीस ते आलं लक्षात. मीसुद्धा तुझ्याखाली ठेवलेलं दुसऱ्याचंच अंडं होते की.

मग ताप आला, छातीत उतरला, आणि भोरच्या दवाखान्यात तू चार दिवसांत हातची गेलीस. शेवटचं बोललीस तेही तांबडीविषयी. कुणी तिला हुसकू नका म्हणून. लोक काहीतरी मोठं बोलून जातात म्हणे.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो आणि दत्तकासाठी नाव नोंदवलं होतं तिथून फोन आला. एक मुलगी आहे, तिला दात येताहेत, लवकर कळवा. आई म्हणाली, "सुतकात कसलं शुभकार्य? थांब जरा." सतीश म्हणाला, "तू म्हणशील ते." जी जबाबदारी अंगावर नको असते ती नवरे या तीन शब्दांत बायकोच्या पदरात घालतात. पण मोबाईलवर आलेला मुलीचा फोटो त्यानंच उघडला आणि माझ्या हातात न देता उशाशी ठेवला.

मी तो बघितला नाही. भीती वाटली. करंगळी, चाल, राग हे तुझं माझ्याकडं रक्तातून आलं. ही भीती मात्र तू मला चुलीपाशी बसवून दिलीस. ती जन्मजात नाही, हे मला कळत होतं, आणि तरी ती माझ्या हाडात असल्यासारखी वाटत होती. मोठी होऊन ती पोरगी मुळाकडं निघाली तर? मी तुझ्यासारखी एखाद्या बांधावर बसून राहिले तर? मी ठरवलं होतं, दहावा उरकला की नकार कळवायचा.

दहाव्याला धरणाच्या पाण्याकाठी सगळे जमले. वर रस्त्यावर एक टेम्पो थांबला आणि त्यातून एक माणूस उतरून आला. कुणाशी काही न बोलता तो चप्पल काढून दादांच्या शेजारी बसला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि न्हाव्याला म्हणाला, "माजं बी काडा."

"पाव्हनं कुठलं?" भाऊबंदांपैकी कुणीतरी विचारलं.

"सारोळ्याला टेम्पो चालवतो. मूळचा वेल्ह्याकडचा. सुदाम."

 मग म्हातारे बापूतात्या पुढं आले. आवाज चढवून नाही, समजावून म्हणाले, "लेकरा, तुजी आई जिती हाय ना? जित्या आईचं डोकं करू न्हाई. आपशकुन आसतो."

सुदाम खाली बघत म्हणाला, "तिला इचारूनच आलोय. तीच म्हनली, तुजी आई गेली, जा."

दादांनी स्वतःच्या ओल्या हातानं त्याच्या डोक्यावर पाणी लावलं. "कर रं त्येचं आदी," ते न्हाव्याला म्हणाले. बायकांनी अशा वेळी पुढं जायचं नसतं, म्हणून मी लांब झाडाखाली उभी होते. आत्या, तिथं मी जे रडले ते दवाखान्यातही रडले नव्हते.

नंतर मी त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, "मला लई काय आटवत न्हाई. शेरडाच्या दुदाचा वास तेवडा आटवतो. सकाळी उटलो तर ती नव्हती. लई दीस वाटायचं, म्याच कायतरी केलं आसंल." मग टोपी डोक्यावर घालत, "लग्नाची पत्रिका घिऊन आलो व्हतो हितं. हातावर गूळ ठिवला, तोंडावरनं हात फिरवला, आन् म्हनली, आता यिऊ नगो. तुज्या आईला बरं वाटायचं न्हाई."

म्हणजे तो आला होता! शोधत आला होता, पत्ता विचारत, एसटीचे हाल सोसत. आणि तू मला चुलीपाशी फक्त तो झोपला होता तिथपर्यंतच गोष्ट सांगितलीस. ही लबाडी आहे, आत्या. वादात अर्धा पुरावा पदराआड ठेवायचा नसतो. की तुला ते पुरावा वाटलंच नाही? तू त्याला परत पाठवलंस, म्हणजे तो आलाच नाही, असा तुझा हिशेब होता का? आणि तिकडं ती तुझी जाऊ. तिला बरं वाटायचं नाही म्हणून तू जिच्यासाठी आपलं पोर दारातून फिरवलंस, तिनंच त्याला तुझ्यासाठी डोकं करायला पाठवलं. तुम्ही दोघी एकदा तरी समोरासमोर बसायला हव्या होतात.

एक प्रश्न मी तुला विचारलाच नाही. सुदाम मांडीवर होता ती वर्षं नसती तर बरं झालं असतं, असं तुला कधी वाटलं का? मी फक्त नगो ऐकलं आणि चिडले. आता वाटतं, मी विचारलं असतं तर तू तव्यावरची भाकरी सोडून माझ्या थोबाडीत मारली असतीस. तेच माझ्यासाठी हो झालं असतं.

पाण्याकाठी रेंज नव्हती. सुदामच्या टेम्पोत बसून वर चढावर आले, तिथं मोबाईलला दोन काड्या आल्या. आधी फोटो उघडून बघितला. मग फोन लावला आणि हो म्हणून सांगितलं. सुदाम तोवर खाली उतरून, पाठ करून उभा राहिला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला भेटायला जातोय. आईनं आत्ताच ठरवून टाकलंय की तूच परत आलीस, आणि नाव तुझंच ठेवायचं. मी नाही म्हणाले. तुझं ओझं तिच्या डोक्यावर कशाला? लोक वाकून बघतील, कुणावर गेलीय म्हणून विचारतील. मी सांगेन, जन्म दिलेल्या बाईवर गेली असेल. नाकडोळे तिचे, बोटं तिची, आणि ती बाई दिसायला छान असणार, फोटोवरून कळतंच. तांबडीचा सिद्धान्त मी अजून मानत नाही. तिला काय माझं लागेल आणि काय नाही, ते मला माहीत नाही, आणि ते आधी ठरवून द्या असं मी कुणाला म्हणणारही नाही.

पण एवढं मी तुला सांगून ठेवते. मोठी होऊन ती एक दिवस म्हणाली, मला माझ्या त्या आईला शोधायचंय, तर मी रडेन. भांडेनही, आपल्या घराण्यात ते आहेच. नाकाचा शेंडा लाल करून दोन दिवस बोलणार नाही कदाचित. मग सकाळी लवकर उठून तिला उठवीन, डबा बांधून देईन आणि एसटीपर्यंत सोडायला जाईन.